पाळक की पाळकसाहेब?

धर्मोपदेशकाचे काम कोणते आणि तो नेमका कोणाचा सेवक, हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहिताने शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला, तेव्हापासून देव आणि माणूस यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या मध्यस्थाची या भूमीत झडती सुरू झाली. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची पुन्हा उभारणी झाली. १९२० साली महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचे पीठ निर्माण केले, तेव्हा काही सत्यशोधकांनीच त्यास विरोध केला. पुरोहिताची जात बदलली, पण पौरोहित्य कायम राहिले, तर बहुजनांच्या पदरात पडले काय, असा त्यांच्या विरोधाचा आशय होता. तो प्रश्न आज ख्रिस्ती समाजातील दीक्षित धर्मगुरूंनाही विचारला पाहिजे. त्यांच्याविषयी आकस म्हणून नव्हे. त्यांच्याकडून अपेक्षा आहे म्हणून.

कोल्हापुरातील त्यांची परंपरा अपेक्षा बाळगावी अशीच आहे. रेव्हरंड रॉयल वाइल्डर १८५२ साली येथे आले. शाळा चालविणे हे धर्मोपदेशकाचे काम आहे की नाही, या प्रश्नावरून त्यांचे अमेरिकेतील मिशन मंडळाशी बिनसले. मंडळाचा आधार सुटला, तरी शाळांचा आग्रह न सोडता ते कोल्हापूरला परतले व स्वतंत्रपणे काम करीत राहिले. पुढे १८७० साली ते काम प्रेसबिटेरियन मिशनकडे आले. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. शाळा आणि दवाखाना यांच्या रूपाने धर्म चर्चच्या दाराबाहेर आला आणि ज्यांना इतरत्र मज्जाव होता त्यांच्यापर्यंत पोहोचला.

परंतु याच परंपरेची दुसरी बाजूही आहे. मिशन ही सेवासंस्था होती, तशीच ती मालकही होती. तिचे आवार होते, बंगला होता, पगारपत्रक होते. देशी पाळक त्या पगारपत्रकावरचा नोकर होता. हे दुखणे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओळखले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, हा त्यांचा प्रयत्न होता. १९७० साली उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली. कारभार देशी हाती आला, हे योग्यच झाले. पण खुर्चीवरची व्यक्ती बदलली म्हणून खुर्चीचा स्वभाव बदलतो काय? आपल्याकडे ‘पाळकसाहेब’ हा शब्द सहज रुळला आहे. ज्याने आपल्या शिष्यांचे पाय धुतले त्याच्या सेवकास ‘साहेब’ म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही, यातच सारे आले.

आज या सेवकाची खरी परीक्षा कोठे आहे, हे पाहावयाचे असेल तर उचगावला यावे. एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या अंगाला पुणे-बंगळूर महामार्ग, आणि त्या महामार्गाने जोडलेल्या शिरोली व गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती. गाव नावालाच गाव उरले आहे. भाड्याच्या खोलीत राहून पाळीवर जाणारा कंत्राटी कामगार हा येथील नवा रहिवासी. समजा, अशा एका ख्रिस्ती कामगाराचा फाउंड्रीत अपघाती मृत्यू झाला. पाळक येईल, प्रार्थना करील, मूठमाती देईल. त्यात कोणी उणे काढू नये. शोकाकुल घराला त्या शब्दांची गरज असते. प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे. हजेरीपत्रकावर त्या मृताचे नावच नाही असे कंत्राटदार म्हणू लागेल, भरपाईसाठी विधवेला खेटे घालावे लागतील, तेव्हा पाळक तिच्याबरोबर असेल काय? आणि तो कामगार ख्रिस्ती नसून शेजारच्या खोलीतला बिगरख्रिस्ती असेल, तर?

फ्रान्समध्ये १९४० च्या दशकात काही कॅथॉलिक धर्मगुरू झगा उतरवून कारखान्यांत कामाला लागले. १९५४ साली व्हॅटिकनने ही चळवळ थोपविली आणि १९६५ साली तिला पुन्हा वाट दिली. एल साल्वादोरमध्ये आर्चबिशप रोमेरो यांनी गरिबांवरील अत्याचारांविरुद्ध आवाज उठविला. २४ मार्च १९८० रोजी उपासना चालू असतानाच त्यांना गोळी घालण्यात आली. आपल्याकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी जमीन, पाणी आणि हिरवाई यांसाठी गुंड व बिल्डर यांच्याविरुद्ध लोकांना उभे केले. झारखंडातील आदिवासींत काम करणारे फादर स्टॅन स्वामी ८४ व्या वर्षी, ५ जुलै २०२१ रोजी, मुंबईत कैदी म्हणूनच वारले. त्यांच्यावरील आरोप न्यायालयात सिद्ध व्हावयाचे होते ते राहूनच गेले. हे काम हाती घेण्यासाठी त्यांनी दीक्षा टाकली नव्हती. दीक्षेचा अर्थच त्यांनी असा लावला होता.

यावर आक्षेप येईल की, पाळक हा काही युनियनचा पुढारी नव्हे. प्रभुभोजन, बाप्तिस्मा, रुग्णाची भेट ही त्याची कामे कोण करणार? आक्षेप पोकळ नाही. मोर्चातील भाषणाने मरणशय्येवरील माणसाची तहान भागत नाही. शिवाय लहान मंडळीचा पाळक तुटपुंज्या मानधनावर राबतो आणि धर्मांतराचा आळ केव्हा येईल या धास्तीत वावरतो. त्याला दुरून शौर्य शिकविणे सोपे आहे. परंतु मेंढपाळ आणि मोलकरी यांतला भेद बायबलनेच सांगितला आहे. लांडगा आल्यावर मोलकरी पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात. भेद उपासनेच्या पद्धतीचा नाही, संकटात कोण थांबतो याचा आहे.

हीच कसोटी जातीच्या प्रश्नालाही लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्तींची मागणी न्याय्य आहे. पण ती सरकारदरबारी मांडणाऱ्या चर्चने स्वतःच्या घरातील जात लपवू नये. मराठी मातीतले अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरला दलितांच्या अनुभवातून धर्मविचार मांडण्याची हाक दिली ती याचसाठी. सोयरीक जुळविताना जात पाहणाऱ्या मंडळीला व्यासपीठावरून जाब विचारणे, हे कोणाचे काम?

हे सारे एकट्या पाळकावर टाकून चालणार नाही. मंडळीने त्याच्या चरितार्थाचा भार स्वतः उचलावा, म्हणजे तो वरिष्ठांचा वा देणगीदारांचा मिंधा राहणार नाही. त्यानेही चर्चच्या जमिनी, शाळा आणि पैसा यांचा हिशेब मंडळीपुढे उघडा ठेवावा. आणि आपण बाहेरच्यांनी त्याच्याकडे संशयाने पाहण्याचे सोडून द्यावे. उद्या कामगार आयुक्तांच्या कचेरीत तो त्या विधवेबरोबर गेला, तर आपल्यापैकीही कोणी सोबत असावे. तिथल्या बाकावर तिच्या शेजारी तासन्‌तास बसून राहणे, ही उपासनेइतकीच त्याच्या दीक्षेची बाब आहे. उचगावची माणसे त्याला तेव्हा ‘साहेब’ म्हणणार नाहीत. आपला माणूस म्हणतील.