आमचं गाणं गुन्हा, त्यांचं गाणं संस्कृती?

फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली एक आदेश काढला. तृतीयपंथीयांनी चौकात, सार्वजनिक जागी किंवा घरोघरी जमून पैसे मागू नयेत, असा त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यात, ८ मार्चला, म्हणजे नेमक्या महिला दिनी, शहरात भीक मागण्यावर बंदी घालणारा दुसरा आदेश निघाला. तो ३० एप्रिलपर्यंत लागू होता. त्या काळात जी-२० च्या निमित्तानं नागरी संस्थांची परिषद नागपुरात व्हायची होती आणि २० मार्चला देशोदेशीचे पाहुणे येणार होते. शहर सजत होतं. सजावटीत न बसणारी माणसं चौकातून हटवली जात होती.

जबरदस्तीनं पैसे उकळण्याच्या तक्रारी होत्या, हे खरं. पण खंडणी हा गुन्हा आधीपासूनच आहे. ज्यानं तो केला त्याच्यावर खटला भरता येतो. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या समाजालाच चौकात उभं राहायची मनाई करणं, याला कायदा-सुव्यवस्था म्हणायचं की भेदभाव? सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथीयांना समान नागरिक म्हणून मान्यता दिली. २०१९ मध्ये संसदेनं त्यांच्या हक्कांसाठी कायदा केला. तरीही एक अधिसूचना निघाली की हे सगळं कागदावर राहतं. नागपूरनंतर २०२४ मध्ये पुण्यातही तसाच आदेश निघाला. आता फौजदारी संहिता बदलली, कलम १४४ ऐवजी कलम १६३ आलं. अधिकार मात्र तोच राहिला.

मैत्रिणींनो, या लेखात मला जो मुद्दा मांडायचा आहे तो या आदेशांपेक्षा थोडा वेगळा आहे. तृतीयपंथीय दारात येतात ते बधाई घेऊन. बाळ जन्मलं, लग्न झालं की ढोलक, टाळ्या, गाणं, नाच. म्हणजे हे पैसे गाण्याचे आहेत. आणि आपल्या राज्यात गाण्याचे पैसे हा गुन्हा ठरू शकतो. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा काढून वाचा. सार्वजनिक जागी गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, एखादी वस्तू विकायला पुढं करणं, अशा कुठल्याही निमित्तानं पैसे घेतले तर ती भीक, असं त्याच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं डांबून ठेवता येतं, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयानं ८ ऑगस्ट २०१८ ला याच कायद्यातली भीक हा गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात हे घडलेलं नाही.

त्याच नागपुरात हिवाळा सुरू झाला की मोठमोठे संगीत महोत्सव होतात. सभागृहं भरतात, मैदानात खुर्च्या पुरत नाहीत. मग मनात येतं, आपल्याच शहरात गाणाऱ्यांच्या एका समाजाला गाऊन पैसे घ्यायची बंदी आहे म्हणून एखाद्या नामवंत कलावंतानं "इथे मी गाणार नाही" असं म्हणायला हवं होतं का?

अमेरिकेत असं घडलं आहे. मार्च २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यानं एक कायदा केला. सरकारी इमारतींमध्ये आणि शाळांमध्ये जन्मदाखल्यावर जे लिंग लिहिलं असेल त्याच स्वच्छतागृहात जायचं, असं त्यात होतं. रोख अर्थातच तृतीयपंथीयांवर होता. ब्रूस स्प्रिंगस्टीन या लोकप्रिय गायकाचा १० एप्रिलला तिथल्या ग्रीन्सबरो गावात कार्यक्रम होता. दोन दिवस आधी त्यानं तो रद्द केला. पर्ल जॅम या वाद्यवृंदानंही तेच केलं. बास्केटबॉलचा मोठा सामना राज्याबाहेर गेला, उद्योगांनी गुंतवणुकीचे बेत मागे घेतले. वर्षभरात, मार्च २०१७ मध्ये, सरकारला तो कायदा बराचसा मागे घ्यावा लागला. पण सिंडी लॉपर ही गायिका त्याच राज्यात जाऊन गायली आणि कार्यक्रमाचा नफा तिथल्या समान हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला दिला. एक गेला नाही, एक गेली. दोघांपैकी कुणाचं चुकलं? माझ्या मते कुणाचंच नाही. दोघांनीही कायद्याचं नाव घेतलं आणि आपल्या खिशाला झळ लावून घेतली.

आपल्याकडे मात्र 'बहिष्कार' हा शब्द उच्चारताना जरा थांबावं लागतं. आपल्या भाषेत हा शब्द वरच्यांनी खालच्यांवर चालवलेलं हत्यार आहे. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये संस्था काढली ती बहिष्कृत हितकारिणी सभा, आणि महाडच्या सत्याग्रहानंतर १९२७ मध्ये पाक्षिक काढलं ते 'बहिष्कृत भारत'. जात पंचायती आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीच्या घरादाराला वाळीत टाकतात, म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. वस्तीत काम करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकीनं वाळीत टाकलेली बाई पाहिली आहे. तिला किराणा मिळत नाही, तिच्या घरच्या मयताला कुणी येत नाही. हे हत्यार आपण हातात घ्यावं का?

घ्यावं. पण कुणाविरुद्ध, याचा नीट विचार करून. याचा फार चांगला धडा आपल्याच इतिहासात आहे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. हे न्हावी समाजात वरच्या पायरीवर नव्हते. पण ज्या रूढीनं बाईला विद्रूप केलं जात होतं ती रूढी त्यांच्या हातातल्या वस्तऱ्याशिवाय चालूच शकत नव्हती. त्यांनी विधवांवर बहिष्कार टाकला नाही. विधवांच्या छळात आपला हात घालायला नकार दिला. मला वाटतं, बहिष्कार आणि वाळीत टाकणं यातला सगळा फरक इथे आहे. आपल्यावाचून ज्या अन्यायाचं अडतं, तिथे नकार द्यायचा.

कलावंतांच्या बाबतीत ही कसोटी लावून बघू या. २००५ मध्ये महाराष्ट्रात डान्सबार बंदीचा कायदा आला. मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ कलम घालून बारमधला नाच बंद केला. त्याला लागूनच ३३-ब कलम होतं. तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं, सभासदांचे जिमखाने, नाट्यगृहं यांना त्यात सूट होती. म्हणजे श्रीमंतांसमोरचा नाच ही कला आणि बाकीच्यांसमोरचा नाच ही अनीती. हजारो बायकांचा रोजगार गेला. ७५ हजार हा आकडा तेव्हा सगळीकडे सांगितला जात होता. त्यातल्या कित्येक जणी पिढीजात नाचगाणं करणाऱ्या समाजांतल्या होत्या. आपल्या चळवळीतही तेव्हा फूट पडली, काही गट बंदीच्या बाजूनं होते, काही विरोधात. १२ एप्रिल २००६ ला उच्च न्यायालयानं आणि १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. सरकारनं २०१४ आणि २०१६ मध्ये पुन्हा कायदे केले, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्याही जाचक अटी काढल्या.

त्या आठ वर्षांत सूट मिळालेल्या हॉटेलांत आणि जिमखान्यांत गाणी-नाच सुरूच होते. तिथे जाणाऱ्या नामवंतांपैकी काही जणांनी जरी "ज्या कायद्यानं माझ्या बहिणीचा नाच गुन्हा केला, त्याच कायद्याच्या सवलतीत मी नाचणार नाही" असं जाहीर केलं असतं, तर? ३३-ब कलम त्यांच्यासारख्यांवरच तर उभं होतं. न्हाव्यांच्या वस्तऱ्यासारखी नकाराची नेमकी जागा तीच होती.

यावर नेहमीचे आक्षेप येतात. पहिला आक्षेप : कला राजकारणाच्या वर असते. हे म्हणणं फक्त मंचावर जागा असलेल्यांना परवडतं. ज्यांचा नाच पोलीस कायद्यात लिहिला गेला आणि ज्यांचं गाणं भीक कायद्यात, त्यांना कला राजकारणाच्या वर ठेवायची सोयच कुणी दिली?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : बहिष्कारानं गरिबाचंच नुकसान होतं. कार्यक्रम रद्द झाला की गायकाची एक तारीख जाते. तबलजी, मांडववाला, ध्वनिक्षेपकवाला, खुर्च्या लावणारी पोरं यांची त्या दिवसाची चूल जाते. हे खोटं नाही. म्हणून ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं. दक्षिण आफ्रिकेवरच्या सांस्कृतिक बहिष्काराला वजन होतं, कारण तिथल्या काळ्या जनतेच्या संघटनांनीच तो मागितला होता. भारतानं १९४६ मध्येच त्या देशाशी व्यापार तोडला आणि १९७४ मध्ये डेव्हिस चषकाचा अंतिम सामना न खेळता सोडून दिला. तरी १९८५ मध्ये पॉल सायमन हा गायक जोहान्सबर्गला जाऊन काळ्या वादकांबरोबर गाणी ध्वनिमुद्रित करून आला, तेव्हा मोठा वाद झाला. त्यानं बहिष्कार मोडला की तिथल्या कलावंतांना जगापुढं आणलं? यावर त्या वेळी लढणाऱ्यांतही एकमत नव्हतं. अशा वेळी लांबून न्यायाधीश होण्यात अर्थ नाही. ज्यांचा लढा आहे त्यांना विचारावं.

मी विचारलं. माझ्या कामाच्या वस्तीत एक तृतीयपंथी ढोलकवाली आहे. मोठ्या गायकांनी तुमच्यासाठी नागपुरात गाणं बंद करावं असं तुला वाटतं का, असं मी विचारल्यावर ती हसली. म्हणाली, "मॅडम, त्यायनं गाणं बंद केल्यानं आमचं पोट भरते काय? पण आम्ही गायलो तं गुन्हा, अन् ते गायले तं संस्कृती, हे एकदा तरी कोणी स्टेजवरून बोललं पाहिजे ना!" मग ढोलक कसता कसता तिनं पुढं विचारलं, "अन् तुमच्या बायकांच्या कार्यक्रमात आम्हाले कधी बोलावता?"

तिच्या या दोन प्रश्नांनी माझी भूमिका बरीच स्पष्ट केली. नुसतं न जाणं पुरत नाही. टी. एम. कृष्णा यांनी २०१५ मध्ये चेन्नईच्या डिसेंबरातल्या संगीत हंगामात गायचं सोडलं, कारण तिथला मंच एकाच जातीच्या हातात असल्याचं त्यांना खुपत होतं. पण ते घरी बसले नाहीत. कोळ्यांच्या वस्तीत संगीताचा उत्सव भरवायला त्यांनी हातभार लावला, आणि यल्लम्माच्या जोगप्पांबरोबर एका मंचावर गायले. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडचे जोगते त्याच परंपरेतले. एक मंच सोडला आणि दुसरा उभा केला. पुढे २०२४ मध्ये कृष्णांना मोठा सन्मान जाहीर झाला, तेव्हा त्यांच्या विरोधातल्या काही गायकांनी त्या संस्थेच्या कार्यक्रमांतून अंग काढून घेतलं. म्हणजे बहिष्कार कुणीही टाकू शकतो. तो टाकला म्हणून कुणी पुरोगामी होत नाही. तो कशासाठी आणि कुणासाठी टाकला, हे बघावं लागतं.

तेव्हा माझं म्हणणं असं. कलावंतानं बहिष्कार टाकावा, पण चार गोष्टी सांभाळून. ज्यांच्यावर अन्याय आहे त्यांचा होकार असावा. कुठला कायदा, कुठला आदेश, आणि तो मागे घेतला की आपण येऊ, हे जाहीरपणे सांगावं. तब्येतीचं कारण देऊन गुपचूप न येणं हा बहिष्कार नव्हे. झळ मोठ्यानं सोसावी, साथीदारांची बिदागी बुडू देऊ नये. आणि जो मंच नाकारला त्याच्या जागी ज्यांचा आवाज बंद केला त्यांच्यासाठी मंच उभा करावा. ज्यांना नाकारणं शक्य नाही त्यांनी सिंडी लॉपरसारखं जावं आणि तिथून बोलावं.

एक सूचना मात्र आग्रहानं करते. ही मागणी नावारूपाला आलेल्यांकडेच करू या. ऑर्केस्ट्रात रात्रीच्या हिशेबानं गाणाऱ्या मुलीला, झाडीपट्टीच्या नाटकात हंगामभर राबणाऱ्या नटीला "तू का गेलीस?" असं विचारायचा हक्क आपल्याला नाही. बाईच्या पोटावर पाय देऊन बाईच्या हक्काचा लढा होत नसतो.

आणि आपलं काय? आपणही कार्यक्रम भरवतो, सभागृहं घेतो, पाहुणे कलावंत बोलावतो. पुढच्या ८ मार्चच्या आखणीच्या बैठकीत आपल्या सगळ्या गटांनी दोन ठराव करावेत असं मी सुचवते. पहिला, भीक कायद्याच्या व्याख्येतून गाणं, नाचणं आणि खेळ करणं हे शब्द वगळावेत, अशी मागणी सह्यांसह सरकारकडे पाठवायची आणि शहरात येणाऱ्या मोठ्या कलावंतांनाही तिची प्रत देऊन सही मागायची. जे सही करणार नाहीत त्यांना आपल्या मंचावर बोलवायचं नाही. दुसरा, बधाई गाणाऱ्या मंडळींना आपल्या कार्यक्रमात रीतसर निमंत्रण द्यायचं, आणि इतर कलावंतांना देतो तेवढीच बिदागी पाकिटात घालून, पावतीवर 'गायनाचं मानधन' असं लिहून द्यायची. ती पावती त्यांच्याजवळ राहील. उद्या कुणी त्यांच्या गाण्याला भीक म्हटलं, तर दाखवायला निदान एक कागद असेल.