मुक्ताईचे हसू आणि कोपीतली मुले

प्रवरेच्या काठी नेवासे येथे पैसाच्या खांबापुढे भाविक नतमस्तक होतात. परंतु त्या खांबाला टेकून गीतेचा अर्थ सांगणारा निरूपणकार अवघा पंधरा वर्षांचा होता, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ज्ञानेश्वरी येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, पूर्ण झाली. परंपरेने मानलेली जन्मसाले धरली, तर धाकटी मुक्ताई त्या वेळी जेमतेम अकरा वर्षांची ठरते. संन्याशाची पोरे म्हणून हिणवल्या गेलेल्या, आईबापांवाचून वाढणाऱ्या चार भावंडांचा हा मेळा होता.

या मुक्ताईची एक आख्यायिका सर्वपरिचित आहे. चौदाशे वर्षांच्या चांगदेवाने ज्ञानदेवांना पत्र पाठविले, पण मायना काय लिहावा हेच न सुचल्याने ते कोरेच पाठविले. ते पाहून मुक्ताई हसली आणि इतकी वर्षे जगून हा गृहस्थ कोराच राहिला, असे म्हणाली. कथेचा ऐतिहासिक खरेखोटेपणा अभ्यासकांवर सोपवू. महाराष्ट्राने ही कथा इतकी शतके मायेने जपली, हे मात्र निर्विवाद आहे. त्याहून विशेष असे, की चांगदेव रागावला नाही. त्याने त्याच मुलीला गुरू केले. आज एखाद्या घरी वडीलधाऱ्या पाहुण्यासमोर अकरा वर्षांची मुलगी असे बोलली तर? 'चोंबडी कुठली, आत जा पाहू!' ही आपली गुरुदक्षिणा.

लहान मुलांच्या बोलण्याला आपण हसतो आणि त्यांच्या धैर्याचे कौतुक करतो. पण ही दोन्ही एकाच मुळाची फळे आहेत, हे आपल्या लक्षात येत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी द्यावयाच्या लशीच्या रांगेत उभा असलेला एक चिमुरडा एकदा म्हणाला, "मी नाही घाबरत, माझा हात घाबरतो." रांगेतली माणसे खो-खो हसली. वस्तुतः त्या मुलाने भीती नाकारली नव्हती. ती एका हातापुरती मर्यादित केली होती आणि तो हात त्याने पुढे केला होता. याहून वेगळे शौर्य मोठ्यांना तरी कोठे साधते? उलट आपणच बागुलबुवा, पोलीस आणि डॉक्टरची सुई यांचा धाक घालून मुलांना जेवू-झोपवू घालतो, आणि मग ती भित्री निघाली म्हणून कुरकुरतो.

घरातल्या मुलांचे हे झाले. याच नेवासे तालुक्यात भेंड्याला आणि सोनईला साखर कारखाने आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि शेजारच्या पाथर्डीकडून ऊसतोडणीच्या टोळ्या या भागात उतरतात. आईबाप पहाटेच्या थंडीत कोयते घेऊन फडात जातात आणि पाचटाच्या कोपीत सात-आठ वर्षांची मुलगी तान्ह्या भावंडाला सांभाळीत बसते. उसात बिबट्याचा वावर असतो, हे या जिल्ह्यात कोणाला सांगावयास नको. अशाच एका मुलीला विचारले, "बिबट्या आला तर काय करशील?" ती म्हणाली, "सांगंन, आई घरी न्हाई, सांजच्याला ये."

हसू येते खरे, पण क्षणभरच. दारी येणाऱ्या मुकादमाला किंवा उधारीवाल्याला काय सांगावयाचे, ते तिला पढवून ठेवलेले आहे. बिबट्यालाही तिने त्याच रांगेत उभे केले. हे चातुर्य मुक्ताईच्याच जातीचे आहे. परंतु या धैर्याला टाळ्या वाजवून आपल्याला मोकळे होता येणार नाही, कारण या वयात ते दाखविण्याची पाळी तिच्यावर यावयासच नको होती.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. साखरशाळांचे प्रयोग झाले, मुलांना गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे निघाली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आले. या योजना चांगल्याच आहेत. मात्र त्यांत एक साधा प्रश्न निसटतो. कार्ड हाती असले तरी कडेवरचे मूल कोठे ठेवून तिने शाळेत जावे? तान्ह्याची सोय झाल्यावाचून तिची शाळा भरणार नाही. यास्तव शाळेच्या अगोदर फडाच्या जवळ, टोळ्या उतरतात तेथे, हंगामापुरते पाळणाघर हवे. गाळप हंगामाची आखणी करताना उसाची मोजदाद आणि कोयत्यांची संख्या आधीच कागदावर येते. त्याच कागदावर कोपीतल्या मुलांसाठी एक रकाना वाढवावा, आणि हे काम टोळ्या निघण्यापूर्वी व्हावे.