धुराचा पुरावा कोणी द्यायचा?

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या आकाशगंगांचे क्षीण संदेश टिपतात. पण त्याच शिवारात हिवाळ्याच्या पहाटे साचलेल्या धुरात किती सूक्ष्म कण आहेत, हे गावकऱ्याला कोण सांगतो?

ऊसपट्ट्यात हा वाद गळीत हंगामाबरोबर पेटतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते, मुलांचा खोकला हटत नाही, अशी एका बाजूची तक्रार. ‘पुरावा काय?’ हा दुसऱ्या बाजूचा ठरलेला प्रश्न. कारखान्यावर हजारो घरांच्या चुली पेटतात. त्याविरुद्ध बोलणारा शेतकऱ्याचा वैरी, असेही सुनावले जाते.

हा युक्तिवाद लबाडीचा आहे. मोजण्याचे साधन ज्याच्या हाती नाही, त्याच्याकडे आकड्यांचा पुरावा मागणे हा न्याय नव्हे. साखर उद्योगाने धुराड्यातील उत्सर्जन यंत्राने अखंड मोजून मंडळांना कळवावे, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निर्देश 2014 पासून आहेत. धुराड्यातून दर घनमीटर 150 मिलिग्रॅमपेक्षा अधिक कण बाहेर पडू नयेत, ही मर्यादा 2016 मध्ये ठरली. मग पुरावा कोणी कोणाला दाखवायचा? जुन्नरचा ‘विघ्नहर’ आणि आंबेगावचा ‘भीमाशंकर’ हे दोन्ही कारखाने सहकारी आहेत. तेथे सभासद हाच मालक. मालकाला उसाचा उतारा कळतो, तसा धुराचा आकडाही कळला पाहिजे.

दिसणारी काजळी ही तर निम्मीच कथा. अडीच मायक्रॉनहून लहान कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि हृदयावरही आघात करतात. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही. घोड आणि कुकडीच्या खोऱ्यांत धूर तिथेच साचतो, आणि गळीत हंगाम नेमका याच दिवसांत येतो. या कणांची चोवीस तासांची भारतीय मर्यादा 60 मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 15 सुचविली.

मात्र सारा दोष धुराड्यावर ढकलून शेतकऱ्यालाही हात झटकता येणार नाहीत. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट काडी लावून जाळायचे आणि मग सेंद्रिय कर्बाच्या नावाने रडायचे, हा कोणता शहाणपणा? पाचटाची कुट्टी सरीत ठेवली, तर ओल टिकते, खताचा खर्च वाचतो आणि शेजारच्या म्हाताऱ्याचा श्वासही. कारखान्याच्या तळावर कोपीत चूल फुंकणारी ऊसतोड मजूर स्त्री तर या वादात कोणाच्याच पक्षात नाही. तिच्या तान्ह्याच्या छातीत मात्र सर्वांचा धूर जातो.

2019 मध्ये केंद्राने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम हाती घेतला. त्यात पुणे आहे; नारायणगाव, मंचर नाहीत. खेड्याची हवा शुद्धच असते, हे गृहीतक शहरात बसून करायला सोपे असते.

म्हणून मागणी साधी आहे. धुराड्याचे रोजचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. दोन्ही तालुक्यांत हवामापन यंत्रे बसावीत. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी श्वसनविकारांच्या रुग्णांची महिनावार संख्या प्रसिद्ध करावी. तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, की कोण खरे, कोण खोटे, हे लपणार नाही. ज्यांना या उजेडाची धास्ती वाटते, त्यांनी निदान ‘पुरावा काय’ हे विचारणे तरी थांबवावे.