ढोल दारूने वाजत नाही

‘मोहाची पोटात गेल्याशिवाय यांचा पाय हलत नाही.’ यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-झरीकडच्या कोलाम-गोंड आदिवासींच्या नाचाबद्दल हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून कैकदा ऐकलं आहे. शहरात त्याचंच सभ्य रूप ऐकू येतं : पेला रिता झाल्याशिवाय कविता उतरत नाही. दोन्ही साफ खोटं आहे.

दिवाळीच्या तोंडावर एका कोलामपोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, दंडारीच्या नाचाची तयारी चालली होती. एक म्हातारा ढोलाचं चामडं शेकोटीवर धरून टिचकी मारून पाहत होता, आवाज चढेपर्यंत. तेवढ्यात एक तरणा पोरगा झिंगत आला आणि ढोल गळ्यात घालू लागला. म्हाताऱ्याने काही न बोलता पट्टा काढला आणि दुसऱ्याच्या गळ्यात घातला. झिंगलेल्या हाताला ठेका सापडत नाही, आणि एक हात चुकला की पन्नास पाय चुकतात. देवापुढे मोहाची धार पडली होती, वडीलधाऱ्यांनी घोटभर घेतलीही होती. पण मध्यरात्री ते रिंगण देहभान विसरून फिरू लागलं ते ढोलामुळे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड सीगल यांनी १९८९ साली नशेच्या ओढीला भूक, तहान आणि कामवासना यांच्या पंक्तीला बसवून चौथी प्रेरणा म्हटलं. ओढ खरी आहे, हे मी मान्य करतो. पण ती द्रव्याची आहे, हे मान्य नाही. भुलाबाईच्या दिवसांत फुगडी घालणारी आठ वर्षांची पोर बघा. पंजे जोडीदारणीच्या पंजांना भिडलेले, अंग मागे झोकलेलं. हात सुटले की भुई गरगरते, ती धापा टाकत हसते आणि पुन्हा हात पुढे करते. तिने काय घेतलेलं असतं? माणसाला रोजच्या ‘मी’तून घटकाभर सुटायचं असतं, आणि सुटून परतायचंही असतं. ठेका, फेर, चाल ही त्या वाटेवरची धरायची दोरी. कलेचा जन्म मला तिथे दिसतो.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं, की गाणाऱ्या, नाचणाऱ्या, ढोल वाजवणाऱ्या माणसांची वेदना सोसण्याची ताकद वाढते. नुसतं संगीत ऐकून ती तशी वाढत नाही. पोडावरच्या माणसांना हे सांगायची गरज नाही.

म्हणून स्वामिनी आंदोलनात दारूबंदी मागणाऱ्या यवतमाळच्या बायांच्या बाजूने मी ठाम उभा आहे. बाटली भान घेते आणि दोरी देत नाही. माणूस एकटाच बुडतो, घरी येऊन हात उगारतो. पण बंदी मागताना हेही विचारलं पाहिजे, की संध्याकाळी सातला तो माणूस जाईल कुठे?

त्या पोडावरचा ढोल यंदा फाटला. मढवायला पैसे जमले नाहीत, म्हणून तो कुडाला टांगून ठेवलाय. देशीचं दुकान तिथून चालत वीस मिनिटांवर आहे.