मे महिन्यातले हातमोजे

परवाच्या शनिवारी मार्गासनीला चहाच्या टपरीवर बसलो होतो. पहाटे निघून खडकवासला, खानापूर, पाबे घाट करत वेल्ह्याला गेलो होतो आणि आता नसरापूरमार्गे घरी परतायचं होतं. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण गावाला आपण वेल्हेच म्हणणार.) शेजारच्या बाकावर एक आजोबा बिडी ओढत बसले होते. माझ्या हातांकडे बराच वेळ बघून म्हणाले, "पावनं, हाताला काय झालंय?"

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, अर्ध्या बोटांचे काळे मोजे बघून त्यांना बँडेज वाटलं होतं.

"काही नाही आजोबा, हातमोजे आहेत. सायकलचे."

"मे म्हैन्यात?"

टपरीवाल्यासकट सगळे हसले. मीही हसलो. घाम टिपायला असतात असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तेही खोटं नाही, अंगठ्याच्या पाठीवर टॉवेलसारखं कापड असतं ते त्याचसाठी. (नाकही पुसतात लोक. असो.) पण खरं उत्तर तेवढं नव्हतं. ते सांगायला चहाचा एक कप पुरला नसता म्हणून इथे लिहितोय.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. याच पाबे घाटात, वेल्ह्याच्या बाजूला उतरताना. पावसाळा नुकताच संपला होता आणि वळणावर वरून वाहून आलेली बारीक खडी पसरली होती. वेग फार नव्हता, पंचवीसच्या आतबाहेर असेल. पुढचं चाक सरकलं, आणि पुढचं आठवतं ते रस्त्यावर पालथा पडलेला मी. हेल्मेटला ओरखडाही नाही. गुडघा थोडा खरचटलेला. दोन्ही तळव्यांची मात्र सालटं निघालेली आणि आत खडीचे कण रुतून बसलेले.

हातमोजे होते की! पाठीवरच्या पिशवीत होते. चढावर उकडलं म्हणून काढून ठेवले होते.

माणूस पडताना विचार करत नाही, आधी हात पुढे टाकतो. चालायला शिकणारं पोरही तेच करतं. त्यामुळे सायकलवरून पडल्यावर बहुतेक वेळा जमिनीला पहिले टेकतात ते तळवे. डोक्याला जपावं हे आपल्याला आता पटलंय, आणि ते बरोबरच आहे. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेला तर हेल्मेटशिवाय उभंच करत नाहीत. हातमोज्यांची मात्र सक्ती नाही, म्हणून ते शौकात जमा होतात. डोकं आपटलं तर जीव जाऊ शकतो, तळवे सोलले तर नाही, हे मान्य. पण मग काय होतं ते ऐका.

दवाखान्यात सिस्टरने चिमट्याने एकेक कण काढला आणि उरलेलं घासून धुतलं. घासून! धनुर्वाताचं इंजेक्शन त्यापुढे गुदगुल्यांसारखं वाटलं. सायकल एका टेम्पोत टाकून नसरापूर गाठलं, तिथून पुढे मित्र न्यायला आला. आणि नंतरचे दहा दिवस. नळ सोडता येईना. जीन्सचं बटण लावता येईना. वरणभात कालवता येत नाही म्हणून चमचा घेतला, तर तोही नीट धरवेना. शेवटी चार वर्षांच्या लेकीने भरवलं. तिला त्यात इतकी मजा आली, की मी बरा झाल्यावर ती हिरमुसली. इकडे ऑफिसात सोमवारी रिलीज. बोटांची टोकं शाबूत होती, पण टाइप करताना टेकतो तो तळव्याचा खालचा भाग, आणि नेमकं तिथेच कातडं नव्हतं. कोड मी तोंडाने सांगायचो आणि शेजारचा सहकारी लिहायचा. सेमीकोलनसुद्धा उच्चारावे लागले. माझं पोट ज्या दहा बोटांवर चालतं, त्यांची किंमत मला तेव्हा कळली.

एक सांगून ठेवतो, मोजे म्हणजे चिलखत नव्हे. ते कातडं वाचवतात, हाड नाही. पसरलेल्या हातावर पडलात आणि अंगठ्याच्या बुडाशी मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत राहिलं, तर मुकाट्याने हाडांच्या डॉक्टरकडे जा. तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं, आणि पहिल्या एक्स-रेत ते कधीकधी दिसतही नाही.

दुसरं कारण न पडताही भेटतं. भोरला भाटघर धरणापर्यंत जाऊन परत आलो की माझे शंभराच्या वर किलोमीटर होतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मोजे नव्हतेच. परत येताना कापूरहोळच्या आसपास उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या, मग शेजारच्या बोटाला. खेड शिवापूरपर्यंत दोन्ही बधिर. घरी पोचल्यावर कुलपात किल्ली फिरवायला डावा हात लावावा लागला. रात्री झोपताना आधी हृदयविकाराची लक्षणं शोधून काढली, आपली जात तीच! छातीत दुखत असतं तर थांबून न राहता दवाखाना गाठायला हवा होता, पण प्रकरण वेगळंच निघालं.

मनगटाच्या घडीपाशी करंगळीच्या बाजूला वाटाण्याएवढं एक हाड हाताला लागतं, चाचपून बघा. त्याच्या शेजारून एका अरुंद बोळातून अल्नर नावाची नस तळव्यात उतरते. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू ही तिच्या ताब्यात. फ्रेंच सर्जन ग्यूयाँ यांनी १८६१ साली या बोळाचं वर्णन केलं म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. आपण हँडलवर रेलतो तेव्हा भार नेमका तिथे येतो, आणि खराब रस्त्याचे धक्केही तिथूनच वर जातात. मोज्याच्या तळव्यात त्या जागी जी गादी शिवलेली असते ती याचसाठी. ती फार जाड मात्र नको. जाड गादीमुळे हँडल धरायलाच जास्त जोर लागतो. आणि दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदलायची. एवढं करूनही मुंग्या येत असतील तर सीट किंवा हँडलची उंची चुकलेली असते, तिथे मोजा काही करत नाही. बधिरपणा दोन-चार दिवस टिकला किंवा चिमटीतला जोर गेला, तर अंगावर काढू नका.

आता यावर आजोबांचा खरा आक्षेप. हसून झाल्यावर ते म्हणाले, "आमी चाळीस वर्सं दूध घातलं सायकलवर. हे बगा हात." आणि तळवे पुढे केले. चामडं म्हणावं असे. शहरी माणसाचे लाड म्हणून मला गप्प बसवायला तेवढं पुरेसं होतं.

पण त्यांची काळी सायकल टपरीला टेकवलेली होती, ती बघितली आणि माझी बघितली. त्यांचं हँडल सीटपेक्षा उंच आणि मागे वळलेलं, सीट रुंद, स्प्रिंगवाली. बसणारा ताठ बसतो, सगळं वजन बुडावर. माझं हँडल खाली, मी ओणवा, वजनाचा चांगलाच वाटा हातांवर. वेगासाठी ही बैठक मी हौसेने घेतली, तर तिचा खर्चही माझ्याच हातांना पडणार. चाळीस वर्षं दूध घालणाऱ्याला मोजे लागत नाहीत, कारण त्याची सायकल हातांवर चालत नाही.

बाकी किरकोळ फायदे पुष्कळ. वेल्ह्याच्या पावसात ओल्या रबरावरून हात सटकत नाही. डिसेंबरच्या पहाटे कात्रजच्या उतारावर बोटं गारठून ब्रेक दाबायला उशीर होतो, तेव्हा मात्र पूर्ण बोटांचे हवेत. टायरला चिकटलेला बाभळीचा काटा चालता चालता तळव्याने झटकता येतो (सवय असेल तर पुढच्याच चाकाचा, आणि बोटं फ्रेमपासून लांब). तोटे दोनच. एक, दर वेळी धुवावे लागतात, नाहीतर घरातले लोक बोलणं टाकतात. दोन, बोटं काळी आणि हाताची पाठ गोरी. मागच्या लग्नात एका मावशींनी हा कसला त्वचारोग म्हणून विचारलं :)

आजोबांनी निघताना मोजा मागून घेतला. हातात चढवला, मूठ दोनदा उघडली-मिटली, मग बाजूला ठेवलेली दुधाची किटली कडीला धरून उचलली. परत ठेवली.

"कडी रुतत न्हाई," म्हणाले. "केवढ्याला?"

मी साडेसहाशेला घेतले होते. दोनशे सांगितले.

"लई हाय," म्हणाले आणि मोजा परत दिला.