आमचा खेळ त्यांच्या घरी

२४ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील सिएटल शहरात, एका व्हिडिओ गेमच्या जागतिक स्पर्धेच्या निमित्ताने, एक घोषणा झाली. ‘हेलो’ या नावाचा खेळ २०२६ मध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ५ या यंत्रावरही येणार, अशी ती घोषणा. (हा ‘हेलो’ दूरध्वनीवरचा नव्हे. देवादिकांच्या चित्रात मस्तकामागे जे तेजोवलय असते, त्याचे हे इंग्रजी नाव. खेळाची कथा एका प्रचंड वलयाकार जगात घडते.) घोषणेसरशी कुणी आनंदाने ओरडले, कुणी चिडले, कुणी आपले जुने यंत्र विकायला काढण्याच्या गोष्टी बोलू लागले. काही जण नुसतेच हळवे झाले.

आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशाला, असे आपल्या मनात आले असेल. तर एक साधा हिशेब मांडू. ‘हेलो’चा पहिला भाग १५ नोव्हेंबर २००१ रोजी आला. तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आता चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. म्हणजे ज्यांना हा खेळ आपला वाटतो त्यांतील पुष्कळ जण आज आपल्या मुलांच्या पिढीचे आहेत. रविवारी बसून आठवड्याच्या गोळ्या डबीत भरणारा, आईला दवाखान्यात नेण्यासाठी रजा टाकणारा, आणि घर निजल्यावर रात्री तासभर पडद्यासमोर बसणारा जो माणूस, तो कदाचित हाच. मुलगी किंवा सूनही असू शकेल. त्या एका तासात त्याचे काय गुंतले आहे, हे ठाऊक असणे घराच्या स्वास्थ्यासाठी उपयोगाचे आहे.

हे खेळ खेळण्यासाठी दूरचित्रवाणी संचाला जोडायची एक पेटी लागते. तिला कन्सोल म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या पेटीचे नाव एक्सबॉक्स, सोनीच्या पेटीचे प्लेस्टेशन. पेट्या महाग, त्यामुळे बहुतेक घरांत एकच येई. गिऱ्हाईक आपल्याकडे यावे म्हणून प्रत्येक कंपनी काही खेळ केवळ आपल्या पेटीसाठी राखून ठेवी. ‘हेलो’ हा एक्सबॉक्सचा असा राखीव खेळ होता, किंबहुना एक्सबॉक्सची ओळखच होता. पुढे तो संगणकांवरही मिळू लागला, पण प्रतिस्पर्धी प्लेस्टेशनवर मात्र चोवीस वर्षांत एकदाही गेला नाही.

त्याचा नायक मास्टर चीफ. हिरवे चिलखत घातलेला सैनिक, ज्याचा चेहरा खेळणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे त्या शिरस्त्राणाआड प्रत्येकाने स्वतःला बसवले. चार पेट्या तारांनी जोडल्या की सोळा जणांना एकदम खेळता येई. अमेरिकेतील विद्यार्थिवसतिगृहांत रात्र रात्र असे डाव रंगत. आपल्यापैकी कुणाचा मुलगा त्या वर्षांत तिकडे शिकायला असेल, तर अनोळखी गावात त्याला पहिला मित्र कुठे भेटला, हे एकदा विचारून पाहावे. २००४ साली दुसरा भाग आला तेव्हा अमेरिका आणि कॅनडात एकाच दिवसात साडेबारा कोटी डॉलरची विक्री झाली. हा भाग इंटरनेटवरून दूरदूरच्या लोकांशी खेळता येत असे, आणि शहरे, नोकऱ्या बदलल्या तरी त्यातून जुळलेल्या कित्येक मैत्री टिकल्या.

आता घोषणेकडे पुन्हा वळू. एक्सबॉक्सवाल्याचे तीतून गेले काय? त्याचा खेळ त्याच्याकडेच राहणार. उलट नव्या आवृत्तीत प्लेस्टेशनवरच्या मित्रासोबतही त्याला खेळता येणार आहे. ज्यांना हा खेळ कधी मिळाला नव्हता त्यांना आनंद झाला, हे सहज समजते. एक्सबॉक्सच्या चाहत्यांतही पुष्कळांनी मोकळेपणाने स्वागत केले. तरीही काहींना खोलवर दुखले, आणि ज्यांना दुखले त्यांना आपल्याला नेमके काय दुखते आहे हे धड सांगता येईना. सांगता न येणारे दुःख बहुधा रागाच्या वाटेने बाहेर पडते.

मानसशास्त्रात याची चाहूल फार पूर्वी लागली होती. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे हेन्री ताजफेल यांनी चौदापंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रे मुलांना दाखवली, आणि मग प्रत्येकाला खासगीत सांगितले, तू अमक्या चित्रकाराच्या गटातला. गट वास्तविक कसेही पाडलेले होते. कुणाला आपल्या गटात दुसरे कोण आहे हेही माहीत नव्हते. मग प्रत्येकाने इतर मुलांना थोडे थोडे पैसे वाटून द्यायचे होते; स्वतःला काही घ्यायचे नव्हते. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. दोन्ही गटांना भरपूर मिळेल असा पर्याय समोर असताना अनेकांनी आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण समोरच्या गटापेक्षा जास्त मिळाले पाहिजे, असा पर्याय निवडला. फरक राखण्यासाठी पदरचे सोडायची त्यांची तयारी होती. तासाभरापूर्वी न जन्मलेल्या गटासाठी जर हे होते, तर चोवीस वर्षे वागवलेल्या गटासाठी काय होत असेल!

याला जोडूनच दुसरा प्रयोग आठवतो, तो जॅक ब्रेम यांचा, १९५६ मधला. त्यांनी काही स्त्रियांना घरगुती उपकरणांना गुण द्यायला सांगितले आणि मग त्यांतील दोहोंपैकी एक भेट म्हणून निवडू दिले. काही वेळाने पुन्हा गुण द्यायला सांगितले, तेव्हा निवडलेल्या वस्तूचे गुण वाढलेले आणि सोडून दिलेल्या वस्तूचे घटलेले आढळले. एकच घेणे परवडते तेव्हा आपण घेतले तेच उत्तम, हे मन स्वतःला पटवून देते. ज्या मुलाने हट्टाने वडिलांकडून एक्सबॉक्स मागून घेतली, आणि शाळेतल्या प्लेस्टेशनवाल्या सोबत्यांशी वर्षानुवर्षे वाद घालताना ‘आमच्याकडे हेलो आहे’ हे शेवटचे अस्त्र वापरले, त्याच्या हातून ते अस्त्र आता गेले आहे. कुणाशी वाद घालायचाही राहिलेला नाही, ही त्याहून विचित्र गोष्ट. अमेरिकेतील गेमस्टॉप या दुकानसाखळीने तर या निमित्ताने ‘कन्सोलयुद्ध’ संपल्याचे थट्टेने जाहीरही करून टाकले.

आपल्याला हे अगदीच अपरिचित नाही. घराण्यांच्या बंदिशी कशा जपल्या जात, हे गाण्याची गोडी असलेल्या वाचकांना सांगायला नको. ठेवणीतली चीज परक्या शिष्याला देणे अनेक खाँसाहेबांच्या जिवावर येई. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी अशा शेकडो बंदिशी मिळवून, त्यांची स्वरलिपी करून, ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून टाकल्या. छापल्यामुळे कुणाच्या गळ्यातली चीज कमी झाली नाही. पण ‘ही आमचीच’ असे म्हणण्याचा मान गेला. तुलना ताणावी तशी ताणली जाईल. त्या चिजांत पिढ्यांची तपश्चर्या होती, इथे कंपन्यांचा व्यापार आहे. मान जाण्याचे दुःख मात्र ओळखीचे आहे.

आणि व्यापाराचेच बोलायचे तर ‘हेलो’ मुळात एक्सबॉक्सचा नव्हताच. १९९९ च्या जुलैत न्यूयॉर्क येथे ॲपल कंपनीच्या व्यासपीठावर खुद्द स्टीव्ह जॉब्ज यांनी तो जगासमोर आणला होता, ॲपलच्या मॅक संगणकासाठी. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी ही कंपनी विकत घेतली, आणि मॅकवाल्यांना खेळासाठी २००३ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा हळहळणारे दुसरे होते, इतकेच. पुढे बंजी मायक्रोसॉफ्टपासून वेगळी झाली, आणि २०२२ मध्ये तिला कुणी घेतले असेल? सोनीने. ज्यांनी हा खेळ जन्माला घातला ती संस्था आज प्लेस्टेशनवाल्यांच्या घरची आहे. चाहते निष्ठा वाहतात तितक्या निष्ठेने कंपन्या वागत नाहीत, हे चाहत्यांनाही कळते. कळून दुखायचे थांबत नाही.

या नाराजीत एक भाग मात्र निव्वळ भावनेचा नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये असे मला वाटते. राखीव खेळच उरले नाहीत तर ही पेटी कोण घेईल, आणि कुणी घेतली नाही तर कंपनी ती किती दिवस चालवील, अशी भीती एक्सबॉक्सवाल्यांच्या मनात आहे. तिला पूर्वपीठिका आहे. सेगा ही जपानची नामांकित कंपनी २००१ साली पेट्या बनवण्याच्या धंद्यातून बाहेर पडली, आणि त्याच वर्षाअखेर तिचा लाडका नायक सॉनिक, जन्मभराच्या प्रतिस्पर्धी निन्टेंडोच्या यंत्रांवर धावू लागला. आजकाल खेळ तबकडीऐवजी ऑनलाइन दुकानातून विकत घेतले जातात. एक्सबॉक्स ३६० या जुन्या पेटीचे असे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. आधी घेतलेले खेळ गेले नाहीत, पण त्या दुकानातून नवे घेणे संपले. अशात अमेरिकेत २०२५ या एकाच वर्षात एक्सबॉक्सच्या किमती दोनदा वाढल्या. वीस वर्षे पैसे घालून जमवलेला संग्रह कुणाच्या तरी निर्णयावर अवलंबून आहे, हे ध्यानात आलेला माणूस चिंतेत पडला, तर त्याला वेडगळ म्हणता येणार नाही. आपण ठेवी ठेवलेल्या पतपेढीविषयी कुजबूज ऐकली तर आपली झोप उडतेच ना?

तेव्हा वाचकहो, आपला मुलगा जेवताना गप्प दिसला आणि कारण हे निघाले, तर ‘एवढा घोडा झालास, खेळण्याचं कसलं दुःख!’ हे वाक्य ओठावर आले तरी गिळावे. हे ऐकून त्याचे दुःख जात नाही. फक्त पुढच्या वेळी तो सांगत नाही, आणि आपली सेवाशुश्रूषा करणाऱ्या माणसाने आपल्याशी बोलणे कमी करणे आपल्याला परवडणारे नाही. त्यापेक्षा ‘अरे, तुझा तो हिरवा शिपाई आता दुसरीकडेही येणार म्हणे, खरं का?’ असे विचारावे. खेळातले काही कळायची गरज नाही. पहिल्यांदा कुणाबरोबर खेळलास, तो मित्र आता कुठे असतो, एवढे दोन प्रश्न पुरतात. सल्ला मागितल्याशिवाय देऊ नये. आपले यंत्र विकून टाकण्याची भाषा तो करत असेल, तर ‘पंधरा दिवस थांब आणि मग ठरव’ इतके सांगायला हरकत नाही. रागाच्या भरात विकलेल्या वस्तूला भाव येत नाही.

हे काही आजाराचे लक्षण आहे का, अशी धास्तीही काही घरांत घेतली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात व्हिडिओ गेमच्या विकाराची नोंद केली आहे. २०२२ पासून ते वर्गीकरण लागू आहे. पण त्याची कसोटी निराळी आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्या कामांपेक्षा खेळालाच महत्त्व देणे, नुकसान दिसत असूनही ते चालू ठेवणे, आणि हे सारे साधारणपणे वर्षभर टिकून असणे, असे झाले तर डॉक्टरांकडे जावे. आवडत्या खेळाच्या बातमीने आठवडाभर मन खट्टू होणे या व्याख्येत बसत नाही. मात्र उदासी आठवडे उलटूनही हटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर निमित्त खेळाचे असो वा आणखी कशाचे, बोलायला माणूस हवा. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी घरात लिहून ठेवावा.

आणखी एक गोष्ट. नव्या आवृत्तीत दोघांनी एकाच पडद्यासमोर, शेजारी शेजारी बसून खेळण्याची जुनी सोय कन्सोलवर पुन्हा ठेवणार असल्याचे सांगितले आहे. मुलाने बोलावले तर आपणही बसून पाहावे. हे खेळ नायकाच्या डोळ्यांतून दिसतात. दृश्य वेगाने फिरते आणि शरीर मात्र जागचे हलत नाही, त्यामुळे काही जणांना मळमळते किंवा गरगरते. म्हणून आरंभी दहा मिनिटांवर बसू नये, खोलीत दिवा लावावा, पडद्यापासून जरा दूर बसावे, आणि गरगरू लागले की नजर काढून खिडकीबाहेरच्या स्थिर वस्तूवर ठेवावी. चक्कर येण्याची जुनी तक्रार असेल तर लवकरच उठावे. अपस्माराचा त्रास असलेल्यांनी लखलखत्या प्रकाशाचे खेळ डॉक्टरांना विचारल्याखेरीज पाहू नयेत. रात्रीची गोळी खेळायला बसण्याआधी घ्यावी. एकदा डाव रंगला की मुलाला आठवण राहील, याचा भरवसा धरू नये.