इंग्रजी व्याकरण मराठीतूनच शिकवा

मुरबाडच्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी इंग्रजीचा तास घेते. टोकावडे, धसई, सरळगाव, शिवळे इथून मुलं-मुली येतात. शेवटची एसटी चुकली तर घर गाठणं अवघड, म्हणून सगळ्यांचं एक लक्ष घड्याळाकडे असतं. कुणाला तलाठी व्हायचं आहे, कुणाला ग्रामसेवक, कुणाला लिपिक. २०२३च्या तलाठी भरतीला दहा लाखांवर अर्ज आले. १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे होते, प्रत्येकी दोन गुणांचे. एवढ्या गर्दीत एका प्रश्नानेही यादीतलं नाव जातं.

मुलं अडतात ती अशा ठिकाणी: ‘द प्राइस ऑफ द बुलक्स हॅव गॉन अप.’ चूक ओळखा. हुशार मुलगीही ‘नो एरर’ निवडते, कारण ‘बुलक्स’ अनेकवचनी आणि त्याला लागूनच ‘हॅव’. क्लासमध्ये तिला एक युक्ती दिलेली असते: ‘ऑफ’पासूनचे शब्द खोडा आणि मग क्रियापद पाहा. युक्ती बरोबर आहे: मागे ‘प्राइस’ उरतं आणि त्याला ‘हॅज’ हवं. पण ती का चालते हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे घाईत ती आठवत नाही.

आमच्याकडच्या म्हसा गावच्या जत्रेत बैल घ्यायला गेलेला माणूस ‘बैलांची किंमत वाढली’ असंच म्हणतो. ‘बैलांची किंमत वाढले’ असं कुणाच्या तोंडून चुकूनही येत नाही. आपल्याकडे नामाबद्दल जे सांगायचं ते आधी सांगून होतं, मग नाम येतं आणि त्यानंतर क्रियापद. इंग्रजीत मुख्य नाम आधीच येऊन जातं. ‘ऑफ’, ‘इन’, ‘विथ’ यांचा पदबंध त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये घुसतो. दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली की कुठले शब्द खोडायचे ते मुलं स्वतःच सांगतात.

आता हे पाहा: ‘द हाउस इन द फील्ड निअर द रिव्हर’. नदीजवळ काय आहे, घर की शेत? इंग्रजी वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात. मराठीत आमच्या काळू नदीबद्दल ‘काळूकाठच्या शेतातलं घर’ म्हटलं की शेत नदीकाठी, ‘काळूकाठचं शेतातलं घर’ म्हटलं की घर नदीकाठी. ‘च्या’ आणि ‘चं’ एवढाच फरक. उद्या तलाठी होऊन पुराचा पंचनामा करणाऱ्याला तो कळायलाच हवा. ज्या मुलांच्या जिभेवर ही बारकाई लहानपणापासून आहे, त्यांना आपण ‘व्याकरणात कच्ची’ म्हणतो, याचा मला राग येतो.

तिसरी अडचण सर्वांत चिवट. ‘वॉकिंग टू स्कूल, द रेन स्टार्टेड’ हे वाक्य परीक्षेत चूक ठरतं, कारण चालणारा कोण ते वाक्यात नाही आणि चालणं पावसाला चिकटतं. मुलांना ते पटत नाही, आणि त्यांचं न पटणं रास्त आहे: ‘शाळेत जाताना पाऊस सुरू झाला’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. ‘जाताना’ला कर्ता वेगळा चालतो. पण ‘शाळेत जाऊन पाऊस सुरू झाला’ म्हणा, अख्खा वर्ग हसतो. मग सांगायचं, वाक्याच्या सुरुवातीचं ते ‘वॉकिंग’ कर्त्याच्या बाबतीत आपल्या ‘जाऊन’सारखं वागतं. व्याख्या पाठ करून जे जमत नव्हतं, ते इथे कानाला कळतं.

तरीही ‘मराठी विसरा, इंग्रजीत विचार करा’ हाच उपदेश सगळीकडे ऐकू येतो. शहरात तो कदाचित चालत असेल. आमच्याकडे ज्या घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही, तिथल्या मुलाने विचार करायचा कशाच्या आधाराने? २०००पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे ही मुलं दहा वर्षं इंग्रजी शिकूनच दहावी होतात. दहा वर्षांत त्यांना मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवून कितीदा दाखवलं जातं? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने जुन्या पिढ्यांना याच वाटेने इंग्रजी शिकवलं, आणि आपण ती वाट जुनाट म्हणून सोडली.

बालभारतीने आठवीपासूनच्या इंग्रजीच्या पुस्तकांत अशा वाक्यजोड्यांचा एक स्वतंत्र भाग द्यावा. वाक्यं आमच्या बाजाराची, शेताची, एसटीची असावीत. आणि भरतीचे वर्ग चालवणाऱ्यांनी उत्तराचा पर्याय सांगून पुढच्या प्रश्नाकडे पळण्याआधी तेच वाक्य एकदा मुलांकडून मराठीत म्हणवून घ्यावं.